मागच्या चाकांचं कुलूप

देवळाला प्रदक्षिणा घालताना दोघं जण शेजारी शेजारी चालले, तर बाहेरच्या अंगाला असलेल्याला जास्त चालावं लागतं. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. किती जास्त, हे मात्र गमतीचं आहे. दोघांमध्ये दीड मीटरचं अंतर असेल तर एका पूर्ण फेरीत बाहेरचा माणूस जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त चालतो. मग देऊळ कोपऱ्यावरच्या मारुतीएवढं असो नाहीतर थेट पंढरपूरचं, फरक तेवढाच. (विश्वास बसत नसेल तर कागद-पेन्सिल घ्या. मला हे शाळेत कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.)

आपल्याकडे खळ्यावर मळणीला बैल जुंपायचे तेव्हा मेढीजवळ म्हातारा बैल आणि बाहेरच्या टोकाला तरणा बैल, असा क्रम असायचा. कारण तेच. आतल्याला जागच्या जागी फिरायचं, बाहेरच्याला पळायचं.

गाडीच्या मागच्या दोन चाकांचंही हेच आहे. बैलगाडीला याचा त्रास नव्हता, कारण तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात. पण चाकांनीच गाडी ढकलायची म्हटल्यावर पंचाईत झाली. इंजिन एक, चाकं दोन, आणि वळणावर दोघांचा वेग वेगळा. त्यावर माणसानं जे उत्तर शोधलं ते म्हणजे डिफरन्शियल. आणि त्या उत्तरात जी खोट राहिली ती भरून काढायला पुढे जे शोधलं ते म्हणजे डिफरन्शियल लॉक. त्याच्याबद्दल आज लिहायचंय.

गाड्यांचा कंटाळा असलेल्या वाचकांनी लगेच पान बंद करू नका. आणि नातेवाइकांनी तर नकोच, कारण हे सगळं मामींमुळे सुरू झालं.

आमचं आजोळ भोर तालुक्यात, नीरा-देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत अडीच किलोमीटर कच्ची वाट. त्यात एक ओहोळ. उन्हाळ्यात तिथे पोरं क्रिकेट खेळतात. गेल्या जुलैत मामींच्या छातीत रात्री अकराला दुखायला लागलं. घरात जीप आहे, २०१२ ची थार, जुनी घेतलेली, फोर व्हील ड्राइव्ह. ओहोळात उतरून पलीकडे चढताना पाण्यानं कापलेल्या दोन चऱ्या आहेत, तिरक्या. जीपचं पुढचं डावं चाक एका चरीवर हवेत गेलं, मागचं उजवं चिखलात. दोन्ही गरागरा फिरायला लागली, आणि उरलेली दोन, जी चांगल्या दगडावर टेकलेली होती, ती ढिम्म. शेवटी चौघांनी मामींना खुर्चीत बसवून दीड किलोमीटर पावसातून डांबरापर्यंत नेलं. पुढे सगळं वेळेत झालं, मामी आता ठणठणीत आहेत, आणि ही गोष्ट त्या स्वतः फार रंगवून सांगतात. पण मामेभावानं त्याच आठवड्यात ठरवलं की पुढच्या पावसाळ्याच्या आत जीपच्या मागच्या आसाला लॉकर बसवायचा. कुठला, एवढंच मला विचारलं. तेवढ्या एका प्रश्नासाठी मी दोनशे वर्षं मागे जाऊन आलो, हे त्याला अजून माहीत नाही.

तर सुरुवात पॅरिसपासून. ओनेसिफोर पेकर नावाचा एक घड्याळजी तिथे होता. १८२७ साली त्यानं वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी आजच्या अर्थानं ज्याला डिफरन्शियल म्हणतात त्याचं पेटंट घेतलं. घड्याळजीच असणार म्हणा! दातेरी चाकं एकमेकांत अडकवून वेगवेगळ्या वेगांचा हिशोब लावायचा, हा त्याचा रोजचाच धंदा. रचना अशी की इंजिन एका पिंजऱ्याला फिरवतं, पिंजऱ्यात छोटी दातेरी चाकं असतात आणि ती डाव्या-उजव्या दोन्ही चाकांच्या दांड्यांना धरून असतात. सरळ रस्त्यावर सगळं एकत्र फिरतं. वळणावर ती छोटी चाकं स्वतःभोवती थोडी गिरकी घेतात आणि एका बाजूचा वेग जेवढा कमी झाला तेवढा दुसऱ्या बाजूला देऊन टाकतात.

पण वाफेच्या गाड्या त्या काळी रस्त्यावर फार फिरल्याच नाहीत. ही कल्पना पुन्हा वर आली ती सायकलीच्या निमित्तानं. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली नावाचा माणूस होता. मूळचा शिवणयंत्रांमधला, मग सायकलींमध्ये शिरलेला. त्यानं दोघांनी शेजारी बसून पायडल मारायची एक गाडी केली होती. गोष्ट अशी सांगतात की एकदा तो आणि त्याचा मुलगा विल्यम तिच्यावरून निघाले. मुलगा तरणा, बाप उतारवयाकडे झुकलेला. मुलाच्या बाजूचा जोर जास्त झाला, गाडी वळली आणि स्टार्लीसाहेब रस्त्याकडेच्या खाजकुइलीसारख्या झुडपात. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलं असेल, पण १८७७ साली त्यानं सायकलीसाठी डिफरन्शियल केलं हे नक्की. दोघांचा जोर वेगवेगळा असला तरी दोन्ही चाकांना सारखाच पोचवायचा. कार्ल बेंझच्या १८८५ च्या तीनचाकी मोटारीतही डिफरन्शियल होतं. तिथून पुढे ते मोटारीचा अवयवच झालं.

आता ‘दोन्ही चाकांना सारखाच’ या शब्दांपाशी थांबा. सगळी खोट तिथेच आहे. डिफरन्शियल वेगात सूट देतं, पण जोर मात्र दोन्हीकडे सारखाच वाटतं. समजा डावं चाक निसरड्या चिखलात आहे आणि ते पन्नास किलोपेक्षा जास्त रेटा जमिनीला देऊच शकत नाही. त्याच्यापुढे ते नुसतं गरगरतं. उजवं चाक कोरड्या कातळावर आहे, ते पाचशे किलोचा रेटा देऊ शकतं. पण त्यालाही मिळणार पन्नासच. म्हणजे एकूण शंभर. गाडी हलायला तीनशे लागत असतील तर संपलं. सगळ्यात दुबळ्याला झेपेल तेवढंच सगळ्यांना, असा हा न्याय. दोन्ही दांडे एकमेकांना घट्ट बांधून टाकले तर पन्नास अधिक पाचशे, म्हणजे साडेपाचशे किलो रेटा मिळतो. तेच लॉक करणं. बास, एवढंच विज्ञान. बाकी सगळा इतिहास ते कुणी, कधी आणि कसं बांधायचं याचा आहे.

फोर व्हील ड्राइव्ह असली की झालं, असं बहुतेकांना वाटतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप या समजाला कारण आहेत. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या आणि त्या जगभर जिथे पोचल्या तिथे दंतकथा झाल्या. आपल्याकडे महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर माझगावात विलीजच्या जीप जोडायला घेतल्या आणि पुढे कित्येक वर्षं खेडोपाडी ‘जीप’ म्हणजे सरकार, ‘जीप’ म्हणजे निवडणूक. पण त्या युद्धातल्या जीपच्या दोन्ही आसांवर साधं, उघडं डिफरन्शियलच होतं. तसं असलं की फोर व्हील ड्राइव्हमधला ‘फोर’ कोरड्या रस्त्यापुरता. पुढचं एक आणि मागचं एक चाक सटकलं की चारही चाकांचा खेळ खल्लास. मामींच्या रात्री ओहोळात झालं ते शंभर टक्के हेच. १९८५ मध्ये आलेली मारुतीची जिप्सीही तशीच होती. ती निभावून न्यायची ती वजनानं हलकी असल्यामुळे.

बांधायचं कसं, याचं पहिलं पटण्यासारखं उत्तर मला तरी शेतकऱ्यांकडे सापडतं. ट्रॅक्टरवर बसला असाल तर टाचेखालचा तो छोटा खटका आठवेल. चिखलणी करताना एक चाक बुडायला लागलं की टाचेनं खटका दाबायचा, मागची दोन्ही चाकं एक होतात आणि ट्रॅक्टर निघतो. निघाला की टाच उचलायची. दाबून ठेवून वळायचं नाही, हे शिकवायला कुणाला शाळा काढावी लागली नाही. १९४८ मध्ये जर्मनीत लोकांपुढे आलेल्या युनिमोगमध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक होते. आज आपण युनिमोग म्हटलं की लष्कर किंवा वाळवंटातल्या शर्यती आठवतो, पण ती मुळात शेतकऱ्यासाठी केलेली गाडी. तिच्या दोन चाकांमधलं अंतर बटाट्याच्या दोन ओळींच्या मापानं ठरवलं होतं! मला हा तपशील फार आवडतो. ज्यानं ही गाडी आखली त्यानं समोर एक विशिष्ट माणूस ठेवला होता. त्याला आपली जमीन ठाऊक आहे, कुठे बुडणार ते त्याला आधी कळतं, म्हणून खटका त्याच्या हातात दिला.

अमेरिकेत वारं वेगळं वाहिलं. महायुद्धाच्या काळात तिथे लष्करी ट्रकांसाठी ‘नो-स्पिन’ नावाचा प्रकार आला, तोच पुढे ‘डेट्रॉइट लॉकर’ म्हणून गाजला. याला खटकाच नाही. हा एरवी बांधलेलाच असतो आणि वळणावर बाहेरचं चाक जास्त वेगानं धावायला लागलं की त्या बाजूची पकड आपोआप सुटते. वळताना कट्-कट्-कट् असा आवाज येतो, आणि कधी कधी पकड परत बसताना मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का. दणकट एवढा की विचारू नका. पण ओल्या डांबरावर, घाटातल्या वळणावर, मध्येच पाय ॲक्सिलरेटरवर पडला तर गाडीचं शेपूट कुठे जाईल याचा नेम नाही.

मग तिथल्या मोटार कंपन्यांनी मवाळ तोड काढली. चकत्यांचा क्लच घालून थोडी पकड, थोडी सूट. याला लिमिटेड स्लिप म्हणतात. युरोपात १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये ते होतंच, कारण इंजिनाची ताकद एवढी की आतलं चाक नुसतं धूर काढायचं. अमेरिकेत १९५६ मध्ये पॅकार्डनं आणि पुढच्या वर्षी शेव्हरोलेनं ते साध्या गिऱ्हाइकाला विकायला सुरुवात केली. शेव्हरोलेचं नाव होतं ‘पॉझिट्रॅक्शन’. ‘माय कझिन व्हिनी’ (१९९२) पाहिलाय? त्यात खुनाचा खटला सुटतो तो याच मुद्द्यावर. चिखलात दोन्ही चाकांचे सारखे व्रण उमटलेत, म्हणजे गाडीला साधं डिफरन्शियल असूच शकत नाही, म्हणून ती आरोपींची गाडी नव्हे. मरिसा टोमेनं साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून हे ज्या ठसक्यात सांगितलंय! तिला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. डिफरन्शियल समजावून ऑस्कर मिळवणारी ती एकटीच असावी. :)

असो. यातला पुढचा टप्पा मला महत्त्वाचा वाटतो. १९७३ च्या सुमारास ईटन कंपनीनं जनरल मोटर्सच्या पिकअपसाठी एक आपोआप लागणारा लॉक आणला. त्याच्या पोटात छोटी वजनं असलेला गव्हर्नर असतो, आपल्या जुन्या इंजिनांना असायचा तसा. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरएक फेऱ्यांचा फरक पडला, म्हणजे एक चाक घसरतंय असं दिसलं, की वजनं बाहेर फेकली जातात, आकडा अडकतो, क्लच दाबला जातो आणि आस घट्ट होतो. गाडीचा वेग ताशी तीसएक किलोमीटरच्या वर असेल तर तो लागतच नाही. चालवणाऱ्याला काही कळायची गरज नाही. पिकअप विकत घेणारा कोण? दूधवाला, सुतार, बायको-मुलांना घेऊन नदीवर जाणारा माणूस. त्याला मॅन्युअल वाचायची नसते. आपल्याकडे २०१५ च्या सुधारित थारमध्ये मागे हाच प्रकार आला, २०२० च्या नव्या थारमध्येही तो मिळू लागला, आणि २०२१ च्या बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये तर फोर व्हील ड्राइव्ह नसताना नुसता मागचा हा लॉक दिला. खेडेगावातल्या रस्त्यासाठी ही अगदी शहाणपणाची तडजोड आहे असं माझं मत आहे.

त्याच्या उलट टोकाला ऑस्ट्रेलिया. मेलबर्नच्या एआरबी कंपनीनं १९८७ मध्ये तिथल्याच एका डिफ-लॉकचे हक्क विकत घेतले आणि त्याचा ‘एअर लॉकर’ केला. छोट्या कॉम्प्रेसरची हवा एका बारीक नळीतून डिफरन्शियलच्या पोटात जाते, पिस्टन सरकतो, दातेरी कडं अडकतं, आस पक्का एक. बटण बंद केलं की स्प्रिंग ते मागे ओढते आणि साधं डिफरन्शियल परत. पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. टोयोटानं लँड क्रूझरला हेच काम विजेच्या मोटरनं करून दिलं. जीपनं २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अवघड वाटेचं नाव देऊन ‘रुबिकॉन’ काढली, तिला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक. आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सनं २०१३ च्या गुरख्यात दोन्ही आसांना लॉक दिले, आणि तेही सरळ हातानं ओढायच्या दांड्यांचे. ना हवा, ना वीज. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची जी स्पर्धा सुरू झाली, तिच्यातल्या गाड्यांखाली वाकून पाहिलं की ही सगळी वंशावळ एका ओळीत दिसते.

आणि सगळ्यात नवी पिढी म्हणजे कॉम्प्युटर. यात लॉक नाहीच. एबीएसच्या सेन्सरनं घसरणारं चाक ओळखायचं आणि फक्त त्याच चाकाचा ब्रेक लावायचा. त्या चाकाला जोर लागला की ‘दोन्हीकडे सारखा’ या नियमानं दुसऱ्यालाही तेवढा मिळतो. म्हणजे पेकरच्या जुन्या यंत्राला चक्क फसवायचं! डोकं आहे यात. जिम्नी २०२३ मध्ये इथे आली ती हेच घेऊन. पण इंजिनाची थोडी ताकद ब्रेक तापवण्यात जाते, आणि लांब चिखलात ते तापणं जाणवतं. २०२४ च्या थार रॉक्सच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुन्हा बटणाचा लॉक आला, यावरून काय ते समजा.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसायला लागली. यातला प्रत्येक लॉकर चालवणाऱ्याबद्दलचं एक मत घेऊन जन्माला आलाय. ट्रॅक्टरवाल्यानं म्हटलं, याला कळतं. डेट्रॉइटवाल्यानं म्हटलं, याला कळो न कळो, ट्रक निघाला पाहिजे. ईटननं म्हटलं, याला सांगूच नका. ऑस्ट्रेलियानं म्हटलं, हा आवडीनं चिखलात जाणार आहे, त्याला पूर्ण ताबा द्या. आणि ब्रेकवाल्या कॉम्प्युटरनं म्हटलं, डिफरन्शियल म्हणजे काय हेसुद्धा याला माहीत असायचं कारण नाही. तेव्हा कुठला लॉकर चांगला, या प्रश्नाला नुसतं उत्तरच नाही. आमची जीप चालवतं कोण, हा प्रश्न आहे.

मिस्त्रींनी आमच्यापुढे तीन पर्याय ठेवले होते. एक, डिफरन्शियलच्या आतले गिअर वेल्ड मारून कायमचे चिकटवायचे. खर्च जवळजवळ शून्य, आणि पुढच्या आठवड्यापासून डांबरावर प्रत्येक वळणाला टायर घासत, दांडे पिळत जायचं. हा पर्याय मिस्त्रींनीही हसत हसतच सांगितला. दोन, ईटनच्या पद्धतीचा आपोआप लागणारा. तीन, हवेचा.

मामेभावाचं मत दुसऱ्याला होतं, आणि त्याचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. तो पुण्यात असतो. अपरात्री वेळ आली तर जीप चालवणार एकतर मामा, वय वर्षं बहात्तर, नाहीतर शेजारचा बावीस वर्षांचा पोरगा. मागे कुणीतरी कण्हतंय, पाऊस कोसळतोय, अशा वेळी बटण कुणाला आठवणार? आणि आठवून दाबलंच, तर डांबरावर आल्यावर बंद करायचं कुणाला आठवणार? वरंधच्या बाजूच्या ओल्या वळणावर मागचा आस बांधलेला राहिला तर गाडी वळायला मागत नाही, नाक सरळ पुढे काढते.

सगळं खरं. पण मी एप्रिलमध्ये ती वाट पायी चालून आलो. तिरक्या चऱ्या संपल्या की शंभरएक फुटांवर वाट ओहोळाच्या बाजूला कलते. पंचवीस-तीस फुटांचा तुकडा आहे, पण खाली दहा फूट खोल. पावसात तिथे शेवाळलेली माती असते. साध्या डिफरन्शियलवर तिथे एक चाक घसरतं, पण दुसरं हळू फिरत असतं, आणि तेच गाडीचं शेपूट बाजूला जाऊ न देता धरून ठेवतं. आस बांधला की दोन्ही चाकं एकदम घसरतात, आणि मग शेपूट उताराकडे निघतं. आपोआप लागणारा लॉक नेमका तिथेच, चाक गरगरल्याबरोबर, धप्पकन लागणार. त्याला काय माहीत उजवीकडे ओहोळ आहे! शिवाय त्याला लागण्याआधी चाक फिरावं लागतं, आणि आमच्या चिखलात चाक दोन सेकंद फिरलं की वीतभर खड्डा. हवेचा लॉक चरीत शिरण्याआधीच लावता येतो, आणि कलत्या तुकड्याच्या आधी काढता येतो.

राहिला चालवणाऱ्याचा प्रश्न. मामा तीस वर्षं भाताच्या खाचरात ट्रॅक्टरवर आहेत. शेजारचा पोरगा चौदाव्या वर्षापासून ट्रॅक्टरवरच वाढला. लॉक कधी लावायचा, कधी काढायचा, लावून वळायचं नाही, हे त्या दोघांच्या टाचेत आहे. पुण्यात शनिवार-रविवारी जीप घेऊन हिंडणाऱ्यांपैकी किती जणांना हे एवढं माहीत असेल, मला शंका आहे. मी मामांना अंगणात बसून दोन्ही प्रकार समजावून सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गाडीनं मला इचारल्याबिगर काय करू नये. खटका दे बाबा.”

मामेभावाला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, “दादा, बाबांना तू विचारलंस होय? मी विचारलंच नव्हतं.”

तर हवेचा. काम मेच्या पहिल्या आठवड्यात झालं. ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. डिफरन्शियल उघडून लॉकर बसवणं म्हणजे नुसतं नट-बोल्टचं काम नाही. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली फट परत मापून लावावी लागते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, आणि दातांना रंग लावून ठसा कुठे पडतो ते पाहावं लागतं. यात घाई करणाऱ्या मिस्त्रीकडे जाऊ नये, गाडी महिनाभरात रडायला लागते. हवेची नळी आसाच्या वरच्या अंगानं न्यायची, दगड लागणार नाही अशी, आणि सायलेन्सरपासून लांब. कॉम्प्रेसर बॉनेटखाली जेवढा उंच बसेल तेवढा उंच, कारण आमच्या ओहोळाचं पाणी बंपरला लागतं. अधूनमधून बटण बंद करताना हवा सुटते तिथे तेलाचे शिंतोडे दिसतात का ते बघायचं. दिसले तर आतलं सील गेलं. आणि बांधलेल्या आसावर सगळा जोर एकाच चाकाच्या दांड्यावर येऊ शकतो, तेव्हा अडकल्यावर पाय दाबून धरायचा नाही, दांडा तुटतो. विसराळूपणावर उपाय म्हणून लॉक लागला असेतोवर वाजत राहणारा एक बझर लावलाय. रिक्षा मागे घेताना वाजतो ना, तसलाच कर्कश.

पुढचा आस साधाच ठेवला. पुढे लॉक असला की स्टिअरिंग दगडासारखं होतं, आणि आम्हाला फक्त ओहोळ ओलांडायचाय, स्पर्धेत उतरायचं नाही. चऱ्या बुजवायलाही सांगितलंय, पण पहिल्या मोठ्या पावसात त्या परत पडतात.

बटण मिस्त्रींनी डॅशबोर्डवर, रेडिओच्या शेजारी दिलं होतं. मामांनी पहिल्याच दिवशी ते नामंजूर केलं. आता ते खाली, सीटच्या डाव्या कडेला आहे, हात सोडला की पडतो तिथे. टाचेजवळच पाहिजे होतं त्यांना, पण तिथे चिखलाचे बूट लागतात, वायर टिकायची नाही.